पाचशे दिनारांचा पोशाख

रमजानच्या दिवसांत दुपारी चारच्या सुमारास कुणी चहाचा कप पुढे केला तर नुसते नको म्हटले तरी भागते. पण तेवढ्यावर आपण थांबत नाही. रोजा आहे, हे तोंडातून निघतेच. मग समोरचा म्हणतो, एवढ्या उन्हात पाणीसुद्धा नाही, कमाल आहे बुवा! आणि आपली छाती किंचित फुगते. दुसऱ्या कुणाचे नाही, मी माझेच सांगतो आहे.

खरे तर रोजा ही न दिसणारी इबादत आहे. नमाज दिसते, हजला निघालेला माणूस साऱ्या मोहल्ल्याला दिसतो, जकात निदान घेणाऱ्याला तरी कळते. रोजा मात्र ठेवला की नाही, हे ठेवणाऱ्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. तरीही आपण तो दाखवतो. आवाज थोडा खोल जातो, ओठांवरून जीभ फिरते, चाल मंदावते. नऊशे वर्षांपूर्वी एका माणसाने या सगळ्या युक्त्या बारकाईने टिपून ठेवल्या. त्याने आणखी एक युक्ती नोंदवली आहे, ती वाचून मी दचकलो होतो. जेवणाचे आमंत्रण आले की काही जण रोजा आहे असे म्हणत नाहीत, फक्त म्हणतात की आज थोडी अडचण आहे. म्हणजे रोजाही कळतो आणि हा बिचारा आपला रोजा लपवतो, हेही कळते. एका दगडात दोन पक्षी!

हे लिहिणारे होते इमाम गझाली. माणसाच्या अहंकाराची अशी चिरफाड फार थोड्यांनी केली असेल. पण दुसऱ्यांवर बोट ठेवावे म्हणून त्यांनी ती केली नाही. हे दुखणे त्यांनी स्वतः भोगले होते.

अबू हामिद मुहम्मद हे त्यांचे नाव. जन्म १०५८ सालचा, इराणच्या खुरासान भागातील तूस या गावचा. आजच्या मशहद शहराजवळ तूसचे अवशेष आहेत. गझाली या नावाचा गझलेशी संबंध जोडू नये. अरबीत गझ्झाल म्हणजे सूत कातणारा. वडील लोकर कातून आपल्या दुकानात विकत आणि त्यावरून हे नाव पडले, असे एक मत आहे. विणकर कबीर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे घर परके वाटणार नाही. वडील स्वतः शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसायचे. आपली मुले अशी व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा. मरताना त्यांनी अबू हामिद आणि धाकटा अहमद या दोघांना एका सूफी मित्राच्या हवाली केले, सोबत थोडीफार शिल्लक दिली. ती संपल्यावर त्या गरीब मित्राने मुलांना सरळ सांगितले की आता मदरशात जा, तिथे निदान दोन वेळचे जेवण मिळेल. पुढे गझालींनी कबूल केले आहे की आपण विद्येकडे वळलो ते अल्लाहसाठी नाही, पोटासाठी.

त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. गुरगान या शहरी शिकून ते गावी परतत होते. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझाली जीव धोक्यात घालून टोळीच्या म्होरक्यामागे धावले आणि म्हणाले, बाकी सगळे ठेवा, पण त्या पिशवीतल्या माझ्या वह्या तेवढ्या द्या, त्या तुमच्या काय कामाच्या? माझी सारी विद्या त्यांत आहे. म्होरक्या हसला. पिशवी गेली की जी विद्या जाते, ती तुझी कसली, असे विचारून त्याने वह्या परत केल्या. तरुण विद्वानाला एका लुटारूने चारचौघांत असे सुनावले! पण गझालींनी ते मनाला लावून घेतले नाही, मनावर घेतले. घरी येऊन तीन वर्षे त्यांनी त्या वह्या तोंडपाठ केल्या. मला नेहमी वाटते, टीका कशी ऐकावी हे त्यांना त्या वयात येत होते. मग मधल्या काळात ते विसरले.

विसरायला कारण झाली बुद्धी. निशापूरला त्या काळचे सर्वात मोठे विद्वान इमाम जुवैनी यांच्याकडे ते शिकले. तर्क, कायदा, वादशास्त्र, सगळ्यांत पुढे. गुरू चारचौघांत शिष्याचा अभिमान मिरवत, पण मनातून त्यांना त्याची ही झेप फारशी रुचत नव्हती, असे एका समकालीनाने सूचित केले आहे. खरे असेल तर गुरूही माणूसच. १०८५ मध्ये जुवैनी वारले आणि गझाली सेल्जुक सल्तनतीचे वजीर निजामुल्मुल्क यांच्या छावणीत दाखल झाले. वजीर विद्वानांचा मोठा आश्रयदाता. त्याच्या दरबारी वादविवादांचे फड रंगत, नामांकित पंडित एकमेकांना भिडत. या नवख्याने एकेकाला गप्प केले. वाहवा झाली, नाव दूरदूर गेले.

या काळातले गझाली कसे होते, याचा एक साक्षीदार आहे. अब्दुल गाफिर फारसी हे निशापूरचे इतिहासकार त्यांना आधीही ओळखत आणि नंतरही. त्यांनी लिहून ठेवले आहे की हा माणूस लोकांकडे तुच्छतेने पाही. बोलण्याची हातोटी, झटपट सुचणारे विचार आणि मिळालेला मान यांनी तो फुगून गेला होता. स्वभाव तिखट होता, समोरच्याला कमी लेखण्याची खोड होती. चरित्रकार सहसा थोरांविषयी असे लिहीत नाहीत, म्हणून ही साक्ष मला मोलाची वाटते.

१०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीस. इस्लामी जगातली ती सर्वात प्रतिष्ठेची गादी होती. ते बगदादेत शिरले तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांच्या पोशाखाची आणि सवारीची किंमत बांधली. ती पाचशे दिनार निघाली, सोन्याचे दिनार. विद्वान शहरात आला आणि लोक त्याच्या कपड्यांचा भाव करत होते, यातच सारे आले. समोर तीनशे विद्यार्थी बसत. खलिफाच्या दरबारात शब्दाला वजन होते. त्या चार वर्षांत त्यांनी इतके लिहिले की थक्क व्हावे. तत्त्वज्ञांचे खंडन करणारा त्यांचा गाजलेला ग्रंथ याच काळातला.

मधेच १०९२ मध्ये वजिराचा खून झाला, त्याच वर्षी सुलतान मलिकशाहही गेला. वारसांच्या लढाया सुरू झाल्या. ज्यांच्या छत्राखाली हे वैभव उभे होते, ते छत्रच उडाले. गझालींच्या मनात पुढे जे झाले त्यात या भीतीचा वाटा किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. थोडा असेलही. पण त्यांनी स्वतः आत्मकथनात सांगितलेले कारण वेगळे आहे आणि ते सांगायला फार सोपे नाही.

ते सूफींचे ग्रंथ वाचत होते. वाचता वाचता त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. आपल्या हातून होणाऱ्या कामांत सर्वात चांगले कोणते? अध्यापन. मग ते आपण कशासाठी करतो? उत्तर आले, नावासाठी. लोकांनी मोठे म्हणावे म्हणून. आपण कडेलोटाच्या काठावर उभे आहोत, हे त्यांना स्पष्ट दिसले. बिदागी घेऊन दुसऱ्या दिवशी माणूस सुधारतो अशा आपल्याकडच्या कीर्तनातल्या गोष्टीसारखे मात्र पुढे घडले नाही. सकाळी ठरवायचे की सगळे सोडून जायचे, संध्याकाळी मन म्हणायचे, ही तात्पुरती लहर आहे. एवढी गादी, एवढा मान, ज्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, तो एकदा सोडलास तर परत मिळायचा नाही. एक पाय पुढे, एक मागे. १०९५ च्या जुलैपासून जवळपास सहा महिने हे चालले.

मग शरीरानेच निर्णय घेतला. एके दिवशी विद्यार्थी समोर बसले आणि गुरूंच्या तोंडून शब्द फुटेना. ते खूप प्रयत्न करीत, निदान जमलेल्यांचे मन राखावे म्हणून, पण जीभ हलेना. ज्या जिभेने दरबार जिंकले होते, तीच नेमकी बंद पडली. त्या दुःखाने अन्नावरची वासना गेली, पाण्याचा घोट आणि घास उतरेना, अंगातली ताकद गेली. हकीमांनी हात टेकले. त्यांचे निदान असे होते की दुखणे मनातले आहे आणि मनावरचा भार उतरल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी हे ओळखले, याचे मला आजही कौतुक वाटते.

नोव्हेंबर १०९५ मध्ये त्यांनी मक्केला जातो असे जाहीर केले आणि मनात सीरियाचा बेत ठेवून बगदाद सोडले. हेही कबूल करून टाकले आहे, की खरे सांगितले असते तर खलिफाने आणि मित्रांनी जाऊ दिले नसते. बायकामुलांना पुरेल एवढे ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. मदरशात धाकटे भाऊ अहमद यांनी काही काळ त्यांची जागा सांभाळली. मागे बगदादेत तर्कांना ऊत आला. लांबचे लोक म्हणाले, सत्ताधाऱ्यांच्या भीतीने पळाला. जवळचे लोक सत्ताधारी त्यांच्या किती मागे लागले होते हे पाहत होते. ते म्हणाले, मुसलमानांना कुणाची तरी दृष्ट लागली. आलिमांपैकी एकालाही असे वाटले नाही की हा माणूस धर्मासाठी गादी सोडतो आहे, कारण ती गादी हेच धर्मातले सर्वोच्च स्थान, अशी त्या मंडळींची समजूत होती. गझालींनी हे नोंदवले आहे, फारशी चिडचिड न करता.

दमास्कसला ते दोन वर्षांच्या आसपास राहिले. उमय्या मशिदीच्या मिनारात जाऊन दार लावून घ्यायचे आणि दिवसदिवस एकांतात बसायचे. तिथली एक आख्यायिका आहे. अनोळखी फकिरासारखे फिरत असताना एका वर्गाजवळून जाताना त्यांच्या कानावर पडले की शिक्षक आपल्या म्हणण्याच्या आधारासाठी गझालींचेच नाव घेत आहेत. मनात काहीतरी हलले. ते हलणे त्यांनी ओळखले आणि ते शहर सोडले. इतिहास म्हणून ही गोष्ट पारखायला गेलो तर टिकेल का, हे सांगता येत नाही. पण लोकांनी ती जपली, कारण त्या माणसाची भीती नेमकी कशाची होती हे लोकांना कळले होते. ज्याच्यासाठी मिनारात कोंडून घेतले, तेच जिना चढून वर येत होते.

पुढे जेरुसलेम, तिथेही खडकावरच्या घुमटात दार बंद करून बसणे. मग हेब्रॉनला हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन शपथा घेतल्या: कुणा सत्ताधाऱ्याच्या दारी जाणार नाही, त्यांचा पैसा घेणार नाही, कुणाशी वाद घालणार नाही. तिसरी शपथ मला सर्वात अवघड वाटते. वादात जिंकणे हाच त्यांचा धंदा होता. मग हज. पुढे मुलाबाळांच्या ओढीने परतीची वाट धरली. वाटेत बगदादेत थांबले, तेव्हा कपड्यांचा भाव करणाऱ्यांनी पुन्हा भाव केला. या वेळी तो पंधरा कीरात निघाला, म्हणजे एक दिनारही भरत नाही.

या भटकंतीच्या काळात त्यांचा सर्वात मोठा ग्रंथ तयार झाला, ‘इह्या उलूमुद्दीन’, म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन. चार भाग, प्रत्येकात दहा, अशी चाळीस प्रकरणे. नमाज, रोजा, जेवण, लग्न, व्यापार, प्रवास, सगळे त्यात आहे. तिसऱ्या भागात माणसाला बुडवणारे दोष येतात. मान आणि दिखावा, म्हणजे रिया, यांवर एक पूर्ण प्रकरण आहे, गर्व आणि आत्मप्रौढी यांवर दुसरे.

स्तुती गोड का लागते, हा प्रश्न त्यांनी हकीम नाडी पाहतो तसा पाहिला आहे. पहिले कारण त्यांच्या मते असे की आपल्याला आपल्याच गुणाची खात्री नसते. कुणी स्तुती केली की शंका फिटते. म्हणून जाणकाराची स्तुती अधिक गोड. दुसरे कारण, स्तुती करणाऱ्याचे मन आपल्या ताब्यात आले असे वाटते. तिसरे, ती ऐकून इतरांचीही मने येतील अशी आशा. म्हणून एकांतातल्या कौतुकापेक्षा भर सभेतले कौतुक चवदार. चौथे कारण तर फारच खोल आहे. समोरचा खोटे बोलतो आहे हे ठाऊक असले, त्याच्या मनात तसे काही नाही हेही ठाऊक असले, तरी बरे वाटते. का? तर आपल्यापुढे त्याला खोटे बोलावे लागले, यातही आपला दरारा दिसतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांकडे पाहताना मला हे चौथे कारण हटकून आठवते. ईदच्या शुभेच्छांचे फलकही त्यात आले, त्यांना मी सोडत नाही.

टीकेचेही त्यांनी असेच केले. टीका करणारा खरे बोलत असेल आणि त्याला आपले भले हवे असेल तर रागाचे कारणच नाही, आभार माना. खरे बोलत असेल पण हेतू वाईट असेल, तरी फायदा आपलाच. बादशहाच्या दरबारात निघालेल्या माणसाच्या कपड्यांना घाण लागली आहे आणि त्याला ती दिसत नाही. कुणी टोमणा मारून दाखवली, तरी धुवायला मिळाली ना? हेतूची चिंता टोमणा मारणाऱ्याने करावी. आणि टीका साफ खोटी असेल तर तो एक दोष आपल्यात नाही, पण दुसरे कितीतरी आहेत आणि ते त्याला दिसले नाहीत, याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत. खोटे बोलून त्याने स्वतःचे नुकसान केले, त्याची कीव करावी.

सांगायला सोपे आहे, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी स्वतःला तपासायच्या खुणाही दिल्या. निंदा करणारा येऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही, तर स्तुती करणाऱ्यापेक्षा त्याचे बसणे जड वाटते का? दोघांचे काम अडले असेल तर कुणासाठी पाय लवकर उचलतो? दोघांपैकी कुणाच्या मरणाचे दुःख जास्त होते? यात समान उतरणारा माणूस विरळा, असे ते म्हणतात. मग धार्मिक माणसाची एक पळवाट त्यांनी बंद केली, ती वाचताना हसूही येते. असा माणूस म्हणतो, माझा राग स्वतःसाठी नाही, त्याने माझी निंदा करून पाप केले म्हणून धर्मासाठी राग आला. यावर गझाली विचारतात की याहून मोठी पापे करणारे इतके लोक आहेत, त्यांचा राग येत नाही का? आणि हाच माणूस दुसऱ्या कुणाची निंदा करत होता, तेव्हा तुमचा धर्म कुठे होता?

अब्दुल गाफिर फारसी पुन्हा भेटतात ते इथे. गझाली परतल्यावर हे इतिहासकार त्यांना अनेकदा जाऊन भेटले. हा सगळा साधेपणा ओढून आणलेला आहे, अशी आधी त्यांची खात्री होती. आतला जुना माणूस कधी ना कधी बाहेर येईल म्हणून ते वाट पाहत राहिले. तो आला नाही. शेवटी त्यांनी लिहिले की आपला अंदाज उलटा निघाला. पूर्वी तुच्छतेने वागलेल्या माणसाविषयी असे लिहायला त्यांनाही मन मोठे करावे लागले असणार.

पण म्हणून गझाली पूर्ण सुटले, असे म्हणायला माझे मन धजत नाही. ११०६ मध्ये निजामुल्मुल्क यांचे चिरंजीव फख्रुल्मुल्क यांनी त्यांना निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवायला लावले. जाण्याचे समर्थन करताना गझालींनी असेही सांगितले आहे की प्रत्येक शतकाच्या आरंभी अल्लाह धर्माला उजाळा देणारा पाठवतो, हिजरी सहावे शतक उंबरठ्यावर आहे, आणि तसे शुभसंकेत सज्जनांना स्वप्नात दिसले आहेत. म्हणजे तो उजाळा देणारा आपण, ही आशा त्यांच्या मनात होती. मान जिथून हाकलला, तिथे किती सुंदर वेश घेऊन परत येतो! ते स्वतः म्हणतात की पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो. हेतू काय हे अल्लाह जाणतो, एवढे त्यांनी जोडले आहे. ते जोडले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

निशापूरात विरोधकांनी त्यांचे तरुणपणीचे एक पुस्तक उकरून काढले. त्यात इमाम अबू हनीफा यांच्यावर तिखट टीका होती. फडात जिंकण्याच्या वयातले ते लेखन. जुना फुगलेला गझाली म्हाताऱ्या गझालीच्या मानेवर बसला. प्रकरण सुलतान संजरपर्यंत गेले. हेब्रॉनची शपथ सांगून त्यांनी दरबारात येण्याची माफी मागितली, पण जावे लागलेच. तिथे त्यांनी आपली बाजू मांडली, इह्यामध्ये आपण अबू हनीफांचा केलेला गौरव पुढे ठेवला. शपथ मोडली याची खंत त्यांना किती होती, याची कल्पनाच करावी.

तिकडे दूर स्पेनमध्ये, कुर्तुबा शहरात, ११०९ मध्ये इह्याच्या प्रती जाळण्यात आल्या, तेही गझाली हयात असताना. तिथल्या धर्मशास्त्र्यांना आपल्यावरची टीका झोंबली होती. आक्षेप घेणाऱ्यांना गझालींनी एका छोट्या पुस्तकातून उत्तर दिले. वाद घालणार नाही म्हटलेला माणूस थोडा वाद घालून गेला. पण एक आक्षेप त्यांनी वेगळ्या रीतीने घेतला. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने पारखण्याचे शास्त्र, ही त्यांची कच्ची बाजू होती. आपले त्यातले भांडवल तोकडे आहे, हे त्यांनी लिहूनही ठेवले होते. आयुष्याच्या अखेरच्या काळात, ज्यांच्या नावापुढे लोक ‘हुज्जतुल इस्लाम’, म्हणजे इस्लामचा पुरावा, अशी पदवी लावत, तो माणूस बुखारी आणि मुस्लिम हे हदीससंग्रह घेऊन विद्यार्थी म्हणून बसला.

तूसला घराशेजारी एक छोटा मदरसा आणि सूफींसाठी एक खानकाह, एवढ्यात शेवटची वर्षे गेली. १८ डिसेंबर ११११, सोमवार. धाकट्या भावाने सांगितलेली हकिकत अशी की पहाटे त्यांनी वजू केली, फजरची नमाज पढली आणि कफन मागवले. ते हातात घेऊन चुंबले, डोळ्यांना लावले, आणि मालकाच्या भेटीला आनंदाने निघतो असे म्हणत पाय पसरून किब्ल्याकडे तोंड केले. उजाडायच्या आत ते गेले होते. त्या कफनाची किंमत कुणी केल्याची नोंद नाही.